राष्ट्राचा विलाप व देशप्रीतीची कसोटी

शास्त्रपाठ : २ इतिहास ३५:२०-२५, यिर्मया २२:१०-१७



आपल्या खेड्यांत एखाद्या घरी मृत्यू झाला म्हणजे त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी भाकरी घेऊन येतात. वर्षानुवर्षे ज्याच्याशी बोलणे नव्हते तोही दारात येऊन खाली मान घालून बसतो. त्या दिवशी सगळेच रडतात, आणि ते रडणे खोटे असते असे कोणी म्हणू नये. परंतु खरी परीक्षा पुढे येते. बापासाठी ऊर बडवून रडलेला मुलगा, बापाच्या शेतावर वीस वर्षे राबलेल्या सालगड्याचा पगार चुकता करितो की बुडवितो? विधवा बहिणीला घरात घेतो की दारातूनच परत लावितो? हे सारा गाव पाहत असतो. बाप कसा होता हे रडण्यावरून कळते. मुलाची बापावर प्रीती किती होती हे मात्र नंतरच्या वागणुकीवरूनच कळते.

जसे घराचे तसेच राष्ट्राचे आहे. राष्ट्राचा थोर पुरुष मरतो तेव्हा लक्षावधी लोक एकदम रडतात. त्या रडण्यात एक मोठे शिक्षण होत असते. देशावर प्रीती करणे म्हणजे काय, देशभक्त कोणाला म्हणावे, आपला कोण व परका कोण, हे लोक पुस्तकांपेक्षा अशा शोकाच्या दिवसांतच अधिक शिकतात. ह्यास्तव राष्ट्राने काय म्हणून रडावे आणि रडून झाल्यावर काय करावे, हा प्रश्न देवाच्या लोकांनी आपल्या मनाशी विचारावा असा आहे. पवित्र शास्त्राने तो विचारिला आहे.

योशीया राजाची कथा आपणास ठाऊक आहे. तो आठ वर्षांचा असता गादीवर बसला व त्याने एकतीस वर्षे राज्य केले. त्याने मूर्ती फोडिल्या, मंदिराची डागडुजी केली, आणि सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ लोकांस वाचून दाखविला. पुढे इसवी सनापूर्वी ६०९ च्या सुमारास मिसरचा राजा नखो ह्याच्याशी मगिद्दोच्या मैदानात त्याची गाठ पडली. तिरंदाजांचे बाण त्यास लागले, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी तो मरण पावला. सर्व यहूदाने व यरुशलेमाने त्याच्यासाठी शोक केला. यिर्मया संदेष्ट्याने त्याच्यासाठी विलापगीत रचिले. गाणारे पुरुष व गाणाऱ्या स्त्रिया त्याचे विलाप पुढे कित्येक वर्षे गात राहिल्या, आणि तसे गाणे हा इस्राएलात एक नियमच होऊन बसला, असे इतिहासकार लिहितो.

हा शोक खरा होता. परंतु आता दुसरा शास्त्रपाठ पाहा. ज्या यिर्मयाने हे विलापगीत रचिले तोच यिर्मया थोड्याच काळाने राजवाड्याच्या दाराशी उभा राहून लोकांस सांगतो की, मेलेल्यासाठी रडू नका. जो देशोधडीस लागत आहे त्याच्यासाठी रडा. हा काय प्रकार आहे? ज्याने रडणे शिकविले तोच रडणे थांबवावयास का सांगतो?

त्याचे कारण योशीयाचा मुलगा यहोयाकीम हा होता. बापाचे विलाप देशात गाइले जात होते, आणि मुलगा गंधसरूच्या लाकडाची तक्तपोशी घातलेला, तांबड्या रंगाने रंगविलेला मोठा वाडा बांधीत होता. मिसरच्या राजाला खंडणी द्यावयाची म्हणून त्याने देशातील लोकांपासून सोनेरुपे पिळून घेतले होते, हे राजांच्या दुसऱ्या ग्रंथात लिहिले आहे. शिवाय वाडा बांधणाऱ्या मजुरांस तो मजुरीच देत नव्हता. तेव्हा यिर्मया त्यास म्हणतो त्याचा भाव असा : गंधसरूच्या लाकडाने कोणी राजा होतो काय? तुझ्या बापानेही खाल्लेप्याले, सुखाने दिवस घालविले; परंतु त्याने न्याय केला, दीनदुबळ्यांची दाद लाविली. देवाला ओळखणे ते हेच नव्हे काय?

बंधूंनो, हे वाक्य नीट ध्यानात घ्या. योशीयाचा खरा वारस कोण, हे ठरविण्यासाठी यिर्मयाने अश्रू मोजिले नाहीत. त्याने मजुरी मोजिली. यहोयाकीमही कदाचित बापाच्या विलापाला दरसाल उभा राहत असेल. पण ज्या बापासाठी विलाप व्हावयाचा, त्या बापाचे काम तो पायाखाली तुडवीत होता. अशा रडण्याने देश वाचला नाही. मगिद्दोनंतर सुमारे बावीस वर्षांत यरुशलेम जळून खाक झाले.

आता आपल्या देशातल्या एका शोकाकडे वळू. शुक्रवार, ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी पाच वाजून गेल्यावर दिल्लीतील बिर्ला भवनाच्या बागेत प्रार्थनेस जात असता महात्मा गांधी ह्यांस गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्यांचे वय ७८ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी यमुनेच्या तीरी राजघाटावर त्यांस अग्नी देण्यात आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस लक्षावधी माणसे उभी होती. देह सैन्याच्या गाडीवर ठेविला होता, आणि ती गाडी सैनिकांनी दोर लावून ओढिली. सरकारने तेरा दिवसांचा दुखवटा पाळण्याचे ठरविले. १२ फेब्रुवारीस प्रयाग येथे संगमावर अस्थी विसर्जन करण्यात आल्या. देश स्वतंत्र होऊन अद्याप सहा महिने झाले नव्हते. पुष्कळ लोकांस आपण सर्व मिळून एक राष्ट्र आहोत हे त्या तेरा दिवसांत प्रथमच अंतःकरणापासून जाणवले असेल.

ह्या शोकाने एक चांगली गोष्ट केली, ती सांगितलीच पाहिजे. फाळणीच्या वेळी हिंदु, मुसलमान व शीख ह्यांच्यात जी भयंकर कत्तल चालली होती तिचा आवेग ह्या मृत्यूनंतर पुष्कळ ओसरला, असे इतिहासकार म्हणतात. मारेकरी हिंदू आहे ही गोष्ट त्याच संध्याकाळी रेडिओवरून स्पष्ट सांगण्यात आली. ती सांगितली नसती तर त्या रात्री किती निरपराध मुसलमानांची घरे पेटली असती ह्याची कल्पनाही करवत नाही. एक खरे वाक्य वेळेवर बोलल्याने किती प्राण वाचतात, हे आपल्या उपदेशकांनी व शिक्षकांनी विसरू नये.

परंतु दिल्लीत जे वाचले ते आपल्या महाराष्ट्रात वाचले नाही. मारेकरी नथुराम गोडसे हा पुण्याचा, जातीने ब्राह्मण. हे कळताच मुंबई, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, नागपूर अशा ठिकाणी जमाव ब्राह्मणांच्या घरांवर चालून गेले. मुंबईत डॉक्टर नारायणराव सावरकर ह्यांस जमावाने दगडांनी ठेचून घायाळ केले. ते पुढच्याच वर्षी, १९४९ साली, वारले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. खेड्यापाड्यांतून वाडे जळाले, माणसे मारिली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावात राहिलेली कुटुंबे उरलेसुरले सामान बांधून शहराकडे निघून गेली. ज्या लेकरांस त्या रात्री आईने कडेवर घेऊन मागच्या दाराने पळविले, त्यांचा त्या खुनाशी काय संबंध होता?

आणि हे सर्व शोकाच्या नावाखाली झाले. ज्याने आयुष्यभर हिंसेला विरोध केला त्याच्यासाठी रडणाऱ्यांनी मशाल हाती घेतली! त्यांच्या मनात असे ठसले होते की, ज्याला जास्त राग तो जास्त देशभक्त. जो सूड घेत नाही त्याला दुःखच झाले नाही. प्रियांनो, शोक माणसाला किती लवकर फसवितो हे येथे पाहा. शोक पवित्र आहे असे सर्वांस वाटते, म्हणून शोकाचे कपडे घालून आलेल्या द्वेषाला कोणी दारात अडवीत नाही.

स्वतः मृताची इच्छा काय होती, हे कोणास ठाऊक नव्हते असेही नाही. दहाच दिवसांपूर्वी, २० जानेवारीस, त्यांच्या प्रार्थनासभेत बाँब उडविण्यात आला होता. तो उडविणारा तरुण पकडला गेला, तेव्हा कोणी त्याचा द्वेष करू नये असे गांधीजींनी लोकांस सांगितले होते. पुढे गोडसेला फाशीची शिक्षा झाली, तेव्हा गांधीजींच्या मणिलाल व रामदास ह्या दोघा मुलांनी त्याला जीवदान मिळावे अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. शिक्षा देणे हे सरकारचे काम आहे, त्याविषयी येथे बोलावयाचे नाही. परंतु विचार करा : ज्यांचा बाप गेला त्यांनी रक्त मागितले नाही, आणि ज्यांनी त्यांस कदाचित डोळ्यांनीही पाहिले नव्हते त्यांनी शेजाऱ्याचे घर जाळिले. ह्यांपैकी खरा शोक कोणाचा?

येथे मला आपल्या मंडळीतील लोकांशी मन मोकळे करून बोलावयाचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे आजेपणजे वेशीबाहेर राहिले. त्यांनी विहिरीपाशी उभे राहून कोणी वरून पाणी ओतील म्हणून वाट पाहिली. शाळेत ते दाराबाहेर बसले. ह्यास्तव १९४८ सालची ती गोष्ट ऐकताना आपल्या मनाच्या कोपऱ्यात एखादा आवाज असे म्हणत असेल की, बरे झाले, त्यांस त्यांचे फळ मिळाले. त्या रात्री पुष्कळांच्या हाती मशाल होती ती जुन्या अपमानाच्या, सावकारीच्या व जमिनीच्या रागाने पेटली होती, हेही खरे आहे. बंधूंनो, ती जखम खरी आहे. ती नाही असे मी म्हणणार नाही. जखम लपवा असे देव कधी सांगत नाही. परंतु आजाला झालेल्या अन्यायाचा हिशेब दुसऱ्याच्या नातवाचे घर जाळून फिटत नाही. तो फिटावयाचा तर न्यायानेच फिटेल : विहीर सर्वांस मोकळी होऊन, शाळेचे दार उघडून, कूळ व मजूर ह्यांस हक्काचे मिळून. आगीने राख मात्र वाढते.

दुसरा धोका सुडासारखा भडक दिसत नाही, म्हणून तो अधिक काळ टिकतो. तो म्हणजे शोकाचा नुसता नियम होणे. दरसाल ३० जानेवारीस हुतात्मा दिन पाळितात. सकाळी ११ वाजता दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतात. आपल्या गावच्या शाळेतील मुलेही ओळीने उभी राहतात. ही चाल चांगली आहे. तीत आपण मनापासून भाग घ्यावा. परंतु योशीयाचे विलाप गाण्याचाही नियम होता. अकरा वाजता स्तब्ध उभा राहिलेला मुकादम साडेअकरा वाजता ऊसतोडणीच्या मजुराची उचल खोट्या हिशेबाने फुगवीत असेल, तर त्या दोन मिनिटांत त्याने यहोयाकीमाच्या वाड्याची एक वीट रचिली, एवढेच. मृत पुरुष बोलत नाही, म्हणून त्याच्या तोंडी आपल्याला हवे ते घालणे सोपे असते. त्याची तसबीर भिंतीवर लावावी, हार घालावा, आणि त्याने ज्या गोष्टीसाठी प्राण दिला ती गोष्ट तसबिरीच्या मागे लपवावी, असे प्रत्येक देशात होत आले आहे. आपल्या प्रभूनेही संदेष्ट्यांच्या कबरा बांधणाऱ्यांस ह्याच कारणासाठी दोष लाविला (लूक ११:४७). कबर बांधणे हे पाप नव्हते. जिवंत संदेष्ट्याचे न ऐकता मेलेल्याची कबर सजविणे हे पाप होते.

तिसरी गोष्ट, आणि ती आपल्या मंडळ्यांस फार जवळची आहे. राष्ट्र शोकात असते तेव्हा लोक एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहू लागतात : हा रडतो की नाही? ह्याचा आवाज मोठा आहे की लहान? थोडक्या संख्येच्या लोकांकडे ही नजर विशेष वळते. तुम्ही खरोखर ह्या देशाचे का, असा प्रश्न आपल्या एखाद्या भावाला बाजारात किंवा चावडीवर विचारिला गेला असेल. तेव्हा दोन मोह येतात. एक, भिऊन घरात दडून बसावे. दुसरा, सर्वांहून मोठ्याने रडून दाखवावे, सर्वांहून कडक घोषणा कराव्या, म्हणजे कोणी संशय घेणार नाही. दोन्ही मार्ग यिर्मयाचे नव्हेत.

योशीयासाठी ज्याने विलापगीत रचिले त्याच्याएवढा देशाच्या दुःखात रडलेला दुसरा कोण होता? तरी पुढे त्याच यिर्मयाला यरुशलेमाच्या वेशीत धरण्यात आले, आणि तू शत्रूला फितूर होऊन जात आहेस असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला (यिर्मया ३७:१३). सरदारांनी त्याला चिखलाच्या हौदात सोडिले. त्याचा अपराध एवढाच की, त्याने लोकांस गोड लागेल ते सांगितले नाही. ह्यावरून समजा की, देशावर खरी प्रीती करणाऱ्यालाही फितूर हे नाव मिळू शकते. ते मिळाले म्हणून त्याने देश सोडिला नाही. नगर पडल्यावर बाबेलच्या सरदाराने त्याला हवे तेथे जाण्याची मोकळीक दिली, तेव्हाही तो आपल्या उरलेल्या गरीब लोकांतच राहिला (यिर्मया ४०:४-६). कोणी प्रश्न विचारिला तर हेच आपले उत्तर असो. आपण मोठ्याने रडून आपली देशप्रीती सिद्ध करणार नाही. आपण येथे राहू, खरे बोलू, आणि ह्या मातीतल्या दीनदुबळ्यांची दाद लावू.

आता ह्या उपदेशाचा उपयोग काय, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, आपल्या जिभेविषयी. आजकाल खुनाची किंवा अपघाताची बातमी घटकाभरात प्रत्येकाच्या हातातील फोनवर येते, आणि तिच्याबरोबर मारणाऱ्याची जात किंवा धर्म येतो. अशी बातमी आली म्हणजे ती पुढे पाठविण्याआधी हात थांबवा. ती खरी आहे काय? ती ऐकून कोणाच्या दारात दगड पडेल? आणि ज्या घरावर तसा दगड पडण्याचा संभव असेल, मग ते घर कोणाचेही असो, त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. उपदेशकांनो, संध्याकाळच्या प्रार्थनेस एक दिवस उशीर झाला तरी चालेल. तो ओटा रिकामा ठेवू नका.

दुसरे, आपल्या हातांविषयी. थोर पुरुषाची पुण्यतिथी आली म्हणजे त्या दिवशी आपले एखादे देणे फेडा. कोणाची मजुरी राहिली असेल ती द्या. माप खोटे असेल ते बदला. भावाच्या बांधात फूटभर सरकलेली आपली ताल मागे घ्या. यिर्मयाच्या दृष्टीने ह्याहून मोठी पुष्पांजली नाही.

तिसरे, आपल्या लेकरांविषयी. शाळेत मुले स्तब्ध उभी राहून घरी आली म्हणजे त्यांस विचारा, बाळा, तू कोणासाठी उभा राहिलास, आणि त्यांनी काय केले होते? त्यांस संपूर्ण गोष्ट सांगा. बिर्ला भवनाची सांगा, आणि कोल्हापूर-साताऱ्याच्या जळलेल्या घरांचीही सांगा. जे राष्ट्र आपल्या थोरांचे मरण मुलांस शिकविते पण त्या मरणानंतर आपण केलेले पाप लपविते, ते अर्धाच धडा शिकविते.

शेवटी प्रभूकडे पाहू. आपल्या प्रभूचेही एक राष्ट्र होते, आणि त्या राष्ट्रावर त्याची प्रीती होती. तो त्यासाठी रडला, पण केव्हा? यरुशलेम पडल्यावर नव्हे. नगर अद्याप उभे असता, मंदिर झळकत असता, लोक जयजयकार करीत असता तो नगराकडे पाहून रडला (लूक १९:४१). इतरांस जे मागाहून दिसते ते त्याला आधी दिसले. आणि वधस्तंभाकडे नेले जात असता वाटेत ज्या स्त्रिया त्याच्यासाठी ऊर बडवीत होत्या, त्यांस त्याने सांगितले की, माझ्यासाठी नव्हे, आपल्यासाठी व आपल्या लेकरांसाठी रडा. पुढे त्याला खिळणाऱ्यांवर सूड घेण्याची आज्ञा त्याने शिष्यांस दिली नाही. त्यांच्यासाठी क्षमा मागितली. हा यिर्मयाचाच धडा, पण रक्ताने लिहिलेला.

म्हणून प्रियांनो, देशाने शोक करावा, आणि आपणही देशाबरोबर शोक करावा. रडणाऱ्यांबरोबर रडावे हे आपल्याला शिकविलेच आहे. परंतु मेलेल्यासाठी गाळलेल्या अश्रूंची किंमत जिवंतांस मिळालेल्या न्यायाने ठरते, हे विसरू नये. ज्या दिवशी गावातील सर्वांत गरीब मजूर आपली पुरी मजुरी पदरात बांधून निर्भयपणे घरी जाईल, आणि ज्या जातीचा वा धर्माचा माणूस अपराधी ठरला त्या जातीच्या निरपराध आईला त्या रात्री शांत झोप लागेल, त्या दिवशी आपल्या राष्ट्राने आपल्या मृतांसाठी खरा विलाप केला असे समजावे.

ज्या परमेश्वरापाशी पक्षपात नाही, तो आपल्या ह्या देशाला न्याय करण्यास शिकवो, आपल्या डोळ्यांतले अश्रू द्वेषाने गढूळ होऊ न देवो, आणि आपल्या लहान लहान मंडळ्यांस गावोगाव शांती करणाऱ्यांचे काम देवो. आमेन.